छोट्या इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटरवर घरचं सरपण कसं फोडायचं

कुऱ्हाडीने फोडताना जोर आपला लागतो म्हणून माणूस घाव घालायच्या आधी ओंडका नीट बघतो, मशीन आलं की ते बघणंच बंद होतं. माझं तरी तसंच झालं. पहिले दोन दिवस ओंडका ठेव आणि बटण दाब एवढंच चाललं होतं आणि निम्मे ओंडके पाचरीत अडकून बसले, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

मशीन आत कसं चालतं ते आधी बघू, पुढचं सगळं त्यावरच आहे. मोटर पंप फिरवते, पंप तेलावर दाब आणतो, त्या दाबाने रॅम म्हणजे पुढेमागे सरकणारा दांडा ओंडक्याला समोरच्या लोखंडी पाचरीवर रेटतो. घरगुती आडवी मशीन्स साधारण ४ ते ७ टन जोराची असतात, मोटर १५०० ते २२०० वॅटची. बऱ्याच मशीनमध्ये ५० सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि २५ सेंटीमीटरपर्यंत जाड ओंडका बसतो, पण आपल्या मशीनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि करवतीने तुकडे करतानाच त्यापेक्षा थोडे आखूड करा. दोन्ही टोकं सरळ कापलेली हवीत, तिरकं टोक असलं की जोर यायला लागल्यावर ओंडका वर उचलतो नाहीतर बाजूला उडतो.

मशीन सपाट आणि घट्ट जागेवर ठेवा, जमिनीवर ठेवलंत तर दिवसभर वाकून कंबर जाईल, मजबूत बाकावर ठेवलेलं बरं. वायर शक्यतो थेट अर्थिंग असलेल्या मोठ्या पॉवर सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन लागलंच तर जाड तारेचं आणि आखूड घ्या, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या तारेत उष्णता साठते, आणि लांब बारीक तारेत व्होल्टेज पडतं मग मोटर नुसती घुमते, जोर लावत नाही आणि तापते. पावसात किंवा ओल्या जमिनीवर चालवू नका.

आता तो एअर स्क्रू, ज्याला ब्लीड स्क्रू पण म्हणतात. तेलाच्या टाकीजवळ छोटासा स्क्रू असतो, काम सुरू करण्याआधी तो दोन-तीन आटे सैल करायचा, म्हणजे रॅम पुढेमागे होताना टाकीत हवा आतबाहेर जाऊ शकते. मी एकदा विसरलो. मशीन चालू झालं, आवाज जरा वेगळा येत होता, मी म्हटलं लाकूड कडक असेल, तासाभराने खाली तेलाचा ओघळ दिसला कारण कोंडलेल्या हवेच्या दाबाने सील गेलं होतं. नंतर त्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिला, नजर जातेच.

जाड बूट, चष्मा आणि हाताला बरोबर बसणारे ग्लोव्हज घाला, ढगळ बाह्या नकोत. ओंडका मशीनच्या पाटावर आडवा, दोन्ही बाजूंच्या कडांमध्ये नीट टेकलेला. या मशीन्सना दोन्ही हात लागतात, एका हाताने मोटरचं बटण आणि दुसऱ्याने लिव्हर, सोडलं की रॅम मागे येतो. ही कटकट मुद्दाम ठेवलीय, दोन्ही हात गुंतले की बोटं रॅमच्या वाटेत जात नाहीत, त्यामुळे लिव्हर दोरीने बांधून एक हात मोकळा करायची हुशारी करू नका. आणि एकाने ओंडका धरायचा, दुसऱ्याने मशीन चालवायचं हे तर अजिबात नको, सगळं एकट्यानेच करायचं.

ओंडका ठेवण्याआधी त्याचं टोक बघा. सुकताना पडलेली तडा दिसते, पाचर बरोबर त्या तड्याच्या रेषेत येईल असा ओंडका फिरवा. गाठ असेल तर पाचर तिच्यावर नेऊ नका, ती बाजूला राहील असं ठेवा. जाड ओंडका मधोमध फोडायचा हट्ट नको, कडेकडेने ढलपे काढत गेलं की मधला भाग आपोआप लहान होतो. बरीच लाकडं ओली असताना जास्त सहज फुटतात म्हणून कापल्यावर लवकर फोडलेली बरी.

लिव्हर दाबली आणि ओंडका फुटलाच नाही, तर पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका. तेल भराभर तापतं, पंपावर ताण येतो. सोडा, ओंडका ९० अंश फिरवा, परत बघा. तरीही नाही तर बाजूला टाका, तो कुऱ्हाडीचा नाहीतर करवतीचा गिऱ्हाईक.

अडकला तर? हात घालून उपटायचा मोह होतो, मोटर बंद असली तरी नको, आणि हातोड्याने ठोकू पण नका. रॅम मागे घ्या, लाकडाची तिरकी पाचर ओंडक्याखाली सरकवा आणि रॅम हळू पुढे आणा, पाचर ओंडक्याला वर उचलून सोडवते. पहिल्यांदा नाही जमलं तर थोडी जाड पाचर घ्या.

फोडलेलं सरपण जमिनीपासून थोडं वर, हवा खेळेल अशी थप्पी लावून ठेवा, वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा. जाळायच्या वेळी ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, मीटर असेल तर एक तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला लावा, बाहेरची बाजू नेहमी खोटं बोलते.

मशीन हलवण्याआधी प्लग काढा आणि तो लाल ठिपक्याचा स्क्रू परत घट्ट करा, नाहीतर उचलताना तेल तुमच्या पँटवर.