पायथनचं राउंड आणि कापसाची पट्टी

मी यवतमाळकडे एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) हिशोबाचं काम बघतो, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही त्याच कामापुरती शिकलो. आता गावातले पोट्टे शिकून राहिले आणि प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला, भाऊ हे राउंड (आकडा जवळच्या पूर्ण आकड्यावर नेणारं फंक्शन) चुकीचं उत्तर काहून देते? चुकीचं नाही बाप्पा, त्याचा नियम शाळेतल्यासारखा नाही.

राउंड(२.५) टाकून पहा, २ येते. राउंड(३.५) ला ४. आकडा बरोब्बर अर्ध्यावर असला की पायथनची ३ नंबरची आवृत्ती जवळच्या सम संख्येकडे जाते, कारण दरवेळी अर्धा वरच ढकलला तर मोठ्या यादीची बेरीज फुगत जाते. पायथनच्या जुन्या २ नंबरच्या आवृत्तीत २.५ चे ३.० यायचे, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून शिकणारे हमखास गोंधळतात.

पण खरी भानगड पुढं आहे. २६७.५ किलो कापूस म्हणजे २.६७५ क्विंटल. राउंड(२.६७५, २), म्हणजे दोन दशांशांपर्यंत राउंड केलं तर २.६७ येते, आणि इथं सम संख्येचा नियम लावला तरी २.६८ च यायला पाहिजे होतं ना! तर कॉम्प्युटर फ्लोट, म्हणजे दशांशवाला आकडा बायनरीत (फक्त ० आणि १ मध्ये) ठेवते (त्याची पद्धत १९८५ च्या आयईईई ७५४ स्टँडर्डची), त्यात २.६७५ नेमका बसतच नाही, आत २.६७४९९९९९९... असा काहीसा असते, म्हणजे अर्ध्याच्या जरासा खालीच. एक्सेल मात्र २.६८ देते, मग मालक म्हणते तुझाच प्रोग्राम बिघडला.

आता ०.०१ क्विंटल म्हणजे एक किलो, भाव क्विंटलला ७००० धरला तर सत्तर रुपये, आणि शेतकरी काट्यापाशी मोबाईलवर गुणाकार करूनच उभा असते. खरी रक्कम होते १८,७२५. वजन २.६७ केलं तर १८,६९० आणि २.६८ केलं तर १८,७६०, म्हणजे एकदा शेतकरी बुडते, एकदा जिनिंगवाला. म्हणून वजनाला मधात हातच लावू नका, पूर्ण गुणाकार करा आणि राउंड फक्त शेवटच्या रकमेला. पट्टीवर (शेतकऱ्याला देतो त्या हिशोबाच्या पावतीवर) दोनच दशांश दाखवायचे तर ते एफ-स्ट्रिंगमध्ये (पायथनची मजकुरात आकडा छापायची सोय) करा, मूळ आकडा तसाच राहू द्या.

पैशासाठी फ्लोट नकोच, पायथनचंच डेसिमल मॉड्यूल घ्या (ते आकडा दशांशातच ठेवते), क्वांटाइज करताना, म्हणजे त्यातलं राउंड करताना, राउंड_हाफ_अप (अर्धा वर) सांगा, शाळेतला नियम मिळते. फक्त डेसिमलला आकडा कोट्समध्ये, म्हणजे '२.६७५' असा द्या, नाहीतर तो फ्लोटचा कचरा जसाच्या तसा आत घेते आणि परत २.६७ च.

कोडला बसायच्या आधी दिवाणजीला विचारून घ्या की रुपयाला राउंड करता की पैशाला, आणि अर्धा आला तर कुठं नेता. मग २.५, ३.५, २.६७५ आणि एखादा मायनसमधला आकडा टेस्टला ठेवा, कारण वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट भाषेचं मॅथ.राउंड -२.५ चे -२ करते आणि २.५ चे ३, वेबवाल्या पोट्ट्यासोबत तुमचा हिशोब तिथंच अडकते.