ज्वालामुखीच्या राखेसाठी विमानतळावरील सरावाची आखणी कशी करावी

इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. ज्ञात इतिहासात त्याच्या उद्रेकाची एकही नोंद नव्हती. राख सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत गेली, तांबडा समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुजरात-राजस्थानवर आली आणि त्याच रात्री दिल्लीवर पोहोचली. एअर इंडिया आणि अकासा यांसारख्या कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. मुंबईपासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरचा, नावही न ऐकलेला एक डोंगर आपले वेळापत्रक विस्कटू शकतो, हे त्या दोन दिवसांत दिसले. ज्वालामुखीची राख म्हणजे अंदमानातील बॅरन बेटापुरता विषय, असे मानून ज्यांनी आजवर सराव टाळला, त्यांच्याकडे आता सबब उरलेली नाही.

विमानतळावरच्या नेहमीच्या आपत्कालीन सरावात धूर सोडला जातो, जखमींची सोंगे घेतलेली माणसे धावपट्टीजवळ झोपवली जातात आणि अग्निशमन गाडी किती मिनिटांत पोहोचली ते घड्याळ लावून मोजले जाते. राखेच्या सरावात यातले काही नसते. आग लागते तेव्हा माहिती कमी असते आणि वेळही नसतो. राखेच्या बाबतीत ढग येईपर्यंत अनेक तास हातात असतात आणि नकाशे, सूचना, उपग्रहचित्रे यांचा पूर येतो, पण नेमका निर्णय कोणी घ्यायचा हेच कित्येकदा ठरलेले नसते. म्हणून हा सराव टेबलाभोवती बसून, फोन आणि कागद यांवर करायचा असतो, आणि तो निर्णयांभोवतीच बांधला पाहिजे.

हेतू आणि माणसे

‘विविध यंत्रणांतील समन्वय वाढवणे’ असा हेतू लिहिला की सराव यशस्वी होणारच, कारण तो फसला हे कोणाला सिद्धच करता येत नाही. त्याऐवजी उत्तर देता येईल असा प्रश्न लिहावा. उदाहरणार्थ: राखेची पहिली सूचना हाती आल्यापासून किती मिनिटांत, आखाती देशांकडे निघणाऱ्या विमानांपैकी कोणते थांबवायचे आणि कोणते दुसऱ्या मार्गाने सोडायचे हे ठरते, ते कोण ठरवतो, आणि तो जागेवर नसेल तर कोण? असे दोन-तीन प्रश्न एका दिवसाच्या सरावाला पुरतात.

टेबलाशी हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान खात्याचे विमानतळावरील निरीक्षण कार्यालय, विमानतळ चालकाचा संचालन कक्ष, विमान कंपन्यांचे डिस्पॅचर (उड्डाणाचा मार्ग व इंधन आखणारे), ग्राउंड हँडलिंग, सीआयएसएफ आणि इमिग्रेशन हवेत. जगात राखेची सूचना देणारी नऊ सल्ला केंद्रे आहेत. हायली गुब्बीच्या वेळी आपल्याला सूचना फ्रान्समधील तुलूजच्या केंद्राकडून मिळाल्या, तर बॅरन बेट ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या केंद्राच्या क्षेत्रात येते. सरावात सल्ला केंद्राची भूमिका एखाद्या अनुभवी हवामानतज्ज्ञाला द्यावी.

देखभाल अभियंत्यांना बोलवायला मात्र बहुतेक आयोजक विसरतात, आणि माझ्या मते ही सर्वात महागडी चूक आहे. राखेतील सिलिकेट सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळू लागते. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातील तापमान त्याहून पुष्कळ जास्त असते. त्यामुळे राख आत वितळते आणि पुढे टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी थिजून हवेची वाट अडवते. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिने इंडोनेशियातील गालुंगगुंगच्या राखेत सुमारे ३७ हजार फुटांवर बंद पडली, ती अशीच. (लंडनहून ऑकलंडला निघालेले हे उड्डाण वाटेत मुंबईला थांबून पुढे गेले होते.) विमानाच्या हवामान रडारवर काहीही दिसले नव्हते, कारण ते रडार पाण्याचे थेंब टिपते, कोरडी बारीक राख नव्हे. खूप खाली आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्त्याला उतरले. म्हणून राखेच्या शक्यतेच्या भागातून आलेल्या विमानाची तपासणी झाल्याशिवाय ते पुन्हा सोडता येत नाही. एअर इंडियाने हायली गुब्बीच्या वेळी काही उड्डाणे याच तपासणीसाठी रद्द केली. इंजिनात बोरोस्कोप (कॅमेरा असलेली बारीक नळी) घालून पाहणारे प्रशिक्षित हात किती आहेत आणि एका रात्रीत ते किती विमाने तपासू शकतात, हा आकडा टेबलावर आला की सरावाचे गणितच बदलते.

प्रसंग लिहिताना

घडलेला प्रसंग घ्यावा, पण वारा बदलावा. हायली गुब्बी जसाच्या तसा घेतला तर सहभागी आठवणीवर खेळतात आणि पुढे काय होणार हे त्यांना आधीच माहीत असते. राख दिल्लीऐवजी अरबी समुद्रावर रेंगाळली आणि मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात (मुंबईकडे जबाबदारी असलेल्या हवाई हद्दीत) दोन दिवस राहिली, असे धरावे. खऱ्या सूचना साधारण दर सहा तासांनी येतात आणि त्यांत पुढच्या सहा, बारा व अठरा तासांचा अंदाज असतो. सरावात हे सहा तास पाऊण तासात बसवावेत आणि भिंतीवर सरावाचे वेगळे घड्याळ लावावे.

त्या घड्याळात एक सापळा मी मुद्दाम ठेवतो. सूचनेतील सर्व वेळा यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतात, आणि ती ‘झेड’ या अक्षराने दाखवतात. ‘१८०० झेड’ला ढग मुंबईच्या पश्चिमेस येईल असे लिहिलेले असते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असणार; पण घाईत कोणीतरी ते संध्याकाळचे सहा असे वाचतो, आणि साडेपाच तास आधीच उड्डाणे रोखली जातात. हवामान खात्यातील माणसाकडून ही चूक होत नाही. ती होते निरोप तिसऱ्या-चौथ्या हाती गेल्यावर, बहुधा काउंटरवरच्या फलकावर किंवा व्हॉट्सअॅप गटात. निरोपाच्या प्रत्येक कागदावर दोन्ही वेळा लिहिण्याची सवय लागली, तरी सरावाचे अर्धे चीज झाले.

मधेच टाकायच्या घटना मोजक्या पण एकमेकींना छेद देणाऱ्या असाव्यात. दोन घटना माझ्या प्रत्येक सरावात असतात. पहिली अशी की, दुसऱ्या सूचनेत ‘ढगांमुळे उपग्रहचित्रात राख ओळखता येत नाही’ असे येते. या वाक्याचा अर्थ राख ओळखता आली नाही इतकाच आहे. ती नाही, असा नव्हे. तरीही खोलीतले निदान दोघे तरी सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि निरीक्षकाने नेमके तेच टिपायचे असते. दुसरी घटना म्हणजे, नकाशावर स्वच्छ दाखवलेल्या पट्ट्यातून येणारा वैमानिक कळवतो की केबिनमध्ये गंधकासारखा वास येतो आहे आणि काचेच्या कडांवर निळसर प्रकाश दिसतो आहे, म्हणजे राखेची लक्षणे. आता कागद एक सांगतो आणि डोळे दुसरे. नियंत्रकाने मागच्या विमानांना लगेच सांगितले का, निरोप हवामान कार्यालयाकडे गेला का, सिगमेट (वैमानिकांसाठीचा धोक्याच्या हवामानाचा इशारा) निघाले का, आणि सल्ला केंद्राला कोणी कळवले, ही साखळी मिनिटांसह नोंदवावी.

राख किती दाट असेल तर उडावे, या वादात मात्र सराव अडकू देऊ नये. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधील एयाफ्यात्लायोकुत्लच्या उद्रेकानंतर युरोपचे आकाश आठवडाभर जवळपास बंद राहिले, सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, आणि त्यानंतर तिथे हवेत घनमीटरमागे किती मिलिग्रॅम राख आहे यानुसार पट्ट्या ठरवण्यात आल्या. आपल्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) २०२५ मध्ये कंपन्यांना दिलेली सूचना सरळ होती: राखबाधित म्हणून जाहीर झालेले क्षेत्र आणि उंची टाळा, मार्ग व इंधन त्यानुसार ठरवा, आणि राखेची शंका आली तरी कळवा. सरावासाठी हाच नियम धरावा.

सराव खरा वाटू नये यासाठी

सरावातला संदेश खऱ्या जाळ्यात निसटला तर खरी विमाने वळू शकतात. त्यामुळे प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘एक्झरसाइज’ हा शब्द तीनदा असावा, राखेच्या सूचनेच्या नमुन्यात सरावासाठी दिलेली ओळ भरलेली असावी, आणि फोनवरचे बोलणेही त्याच शब्दाने सुरू व्हावे. चालू रेडिओ फ्रिक्वेन्सी वापरू नये. खरी अडचण उद्भवल्यास सराव त्या क्षणी थांबवणारा एक शब्द आधी ठरवून सर्वांना सांगावा. पहिल्यांदाच सराव करणाऱ्यांनी मोठ्या आयोजनाचा हट्ट धरू नये. आइसलंडचे हवामान कार्यालय, तिथली हवाई वाहतूक सेवा आणि लंडनचे सल्ला केंद्र जवळपास दर महिन्याला छोटासा सराव करतात, आणि युरोपातील मोठे सराव त्याच सवयीवर उभे आहेत.

ढग गेल्यानंतरचा भाग

आकाश मोकळे झाल्याची सूचना आली की सगळे उठायला लागतात. त्यांना बसवून ठेवावे, कारण खरी गुंतागुंत इथून सुरू होते. विमाने अहमदाबाद, नागपूर, मस्कत अशी विखुरलेली असतात, कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपलेले असतात, आणि मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे साचलेली उड्डाणे एका दमात काढता येत नाहीत. पहिली तीन विमाने कोणती सोडायची, हे लेखी मागावे. परतावा किंवा पर्यायी विमान यांबद्दल प्रवाशांना सांगायचा मजकूरही याच वेळी प्रत्यक्ष लिहून घ्यावा. जमिनीवर राख पडली असे प्रसंगात असेल, तर धावपट्टीवर भरपूर पाणी मारण्याचा मोह कोणाला होतो ते पाहावे. भिजलेल्या राखेचा निसरडा चिखल होतो, म्हणून ती किंचित ओलवून झाडावी लागते आणि उभ्या विमानांच्या इंजिनांची तोंडे आधीच झाकावी लागतात.

निरीक्षकांनी मत लिहू नये, वेळ लिहावी: निरोप कधी आला, कोणाला दिला, निर्णय कधी झाला. त्याच दिवशी, चहा होण्याच्या आत, या नोंदी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. सुधारणांच्या यादीत व्यक्तीऐवजी पद लिहावे आणि प्रत्येक कामापुढे तारीख टाकावी. पुढचा सराव सुट्टीच्या दिवशी, साहेब गावाला गेलेले असताना, रात्रपाळीच्या ड्यूटी मॅनेजरला घेऊन करावा. हायली गुब्बीचा उद्रेक झाला तेव्हा भारतात रविवारची दुपार होती, दोनच्या सुमाराची.