मारवेलचं बी गोळा करताय? किलो नको, ठोंब मोजा

पावसाळा सरला की माळावरचं मारवेल गवत पिकू लागतं. गावरान गवताचं बी जमवणारे गट पोती भरतात आणि विविधतेचा संग्रह मोठा झाला असं समजतात. पण मारवेलच्या बऱ्याच प्रकारांत बीजांडाचं फलन न होताच बी धरतं, म्हणजे एका ठोंबाचं सगळं बी बहुतेक आईचीच नक्कल असतं. शिवाय जमिनीवर लोळणारी खोडं कांड्यांपाशी मुळं धरतात, म्हणून शेजारचे चार ठोंब एकाच झाडाचे असू शकतात.

तेव्हा दोन ठोंबांत निदान दहा पावलं अंतर ठेवा. एका जागेवरून ५० ठोंब घ्या आणि प्रत्येकाचं बी वेगळ्या कागदी पाकिटात भरा, चिठ्ठी आतही घाला. मुरमाड माळ, बांध, ओढाकाठ, काळी जमीन या वेगवेगळ्या जागा धरा. नुसते उंच, तजेलदार ठोंब निवडू नका; खुरटा ठोंब चराईने खुरटलेला असू शकतो. पिकलेलं बी लगेच झडतं, म्हणून एका फेरीत लवकर येणारे प्रकार हुकतात. दहा-बारा दिवसांनी पुन्हा जा.

ओळख पक्की करा. मारवेलच्या कांड्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. तुसावर टाचणीने टोचल्यासारखा खळगा दिसला, तर ते दुसरंच गवत.

बी सावलीत वाळवा. प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी आलीच. मग भरीवपणा तपासा. कणसात तुसं जोडीने येतात: बिनदेठाच्या, कुसळ असलेल्या तुसात दाणा धरतो, देठाच्या तुसात नाही. म्हणून कुसळवाली १०० तुसं मोजून नखाने सोला आणि किती तुसांत दाणा आहे ते पाहा. नुसत्या वजनावर गेलात तर भुसकटच मोजाल. उगवण चाचणी लगेच नको, ताजं बी सुप्त असतं. ती मे महिन्यात घ्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल न टाकता रोपं करा. एका ठोंबाची एक ओळ, ओळीत १० रोपं, अंतर ६० × ४५ सें.मी. प्रत्येक ओळ दोन ठिकाणी लावा, नाहीतर ओलाव्याचा फरक वाणाचा वाटेल. अधूनमधून फुले मारवेल ०६-४० या सुधारित वाणाची ओळ तुलनेला ठेवा. फुलोऱ्याचे दिवस, फुटव्यांची संख्या, खोडाचा रंग, पाल्याचं प्रमाण लिहा. उत्पादनाचे आकडे मात्र दुसऱ्या वर्षापासूनच धरा.

ओळीतली रोपं सारखी आणि ओळी एकमेकींपासून वेगळ्या, हे ठीकच. विविधता ओळींमध्ये आहे. एकाच ओळीत रोपं वेगळी निघाली, तर भेसळ झाली असेल किंवा तो ठोंब संकरातून बी धरणारा असेल. त्या रोपांना वेगळे क्रमांक द्या. डीएनए तपासणी करायची असेल तर कोवळी पानं दहापट सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) वाळवून पाठवा.

माळावर पेरायला मिश्रण करताना प्रत्येक ओळीतून सारखं वजन घेऊ नका, भरीव दाण्यांची संख्या सारखी घ्या.