टू-स्ट्रोकच्या चेंबरचा सरकता जोड: गळती कशी थांबवायची

मोटोक्रॉसची 125 सीसी गाडी असो, गो-कार्टचं इंजिन असो किंवा ट्रॅकसाठी तयार केलेली जुनी यामाहा आरएक्स असो, चेंबर, म्हणजे एक्झॉस्टचा फुगीर पाइप, जिथे सिलिंडरकडच्या तोंडावर (आखूड नळीवर) चढतो तिथून काळं तेल ओघळायला लागलं की बहुतेक जण सिलिकॉनची ट्यूब आणतात आणि बाहेरून जाड थर चोपडतात. दोन राइड जातात आणि तेल पुन्हा तिथूनच येतं. माझं स्पष्ट मत आहे की हा जोड सिलिकॉनमुळे बंद होत नाही. पाइप सरळ रेषेत बसला, रबरी ओ-रिंग योग्य मापाची असली आणि स्प्रिंगचा ताण बरोबर असला, तरच तो बंद होतो. सिलिकॉन लागलंच तर अगदी शेवटी, आणि तेही नावापुरतं.

हा जोड घट्ट का करत नाहीत

चेंबर साध्या पातळ पोलादी पत्र्याचा असतो. साधारण 900 मिलिमीटर लांबीचा चेंबर सरासरी 250 अंश सेल्सिअसने तापला, तर तो लांबीत जवळपास 2.7 मिलिमीटर वाढतो. शिवाय इंजिन थरथरत असतं, आणि चेंबर मागे रबरी माउंटवर लटकलेला असतो. म्हणजे पुढचं तोंड आणि मागचं माउंट दर क्षणाला थोडे वेगवेगळे हलतात. ही हालचाल जोडाने पोटात घ्यायची असते. जोड वेल्ड केला किंवा क्लॅम्पने आवळला, तर तीच हालचाल दुसरीकडे वाट काढते. मग हेडरच्या (पाइपच्या पुढच्या नळीच्या) वेल्डजवळ पत्रा तडकतो, माउंटचा कान तुटतो किंवा ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून स्टडचे आटे निघून येतात. यातलं शेवटचं नुकसान सगळ्यात महाग पडतं.

म्हणून कामं वाटून दिलेली असतात. पाइप जागेवर धरायचं काम स्प्रिंगचं, वजन पेलायचं काम रबरी माउंटचं आणि वायू अडवायचं काम ओ-रिंगचं. एकाचं काम दुसऱ्यावर टाकलं की गळती सुरू होते.

थोड्याशा गळतीने काय फरक पडतो

चेंबरचा आकार नुसता धूर बाहेर काढण्यासाठी केलेला नसतो. पूर्व जर्मनीतल्या चोपाउ इथल्या एमझेड मोटरसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी 1950च्या दशकात या आकाराचा पद्धतशीर विकास केला. त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पश्चिमेकडे निघून गेला आणि 1962 मध्ये त्याने सुझुकीला 50 सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. तेव्हापासून हे तंत्र सगळीकडे पसरलं. तत्त्व असं: एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) उघडताच दाबाची लाट पाइपमधून धावते. रुंदावत जाणाऱ्या कोनातून उलटी ओढ तयार होते आणि ती सिलिंडर रिकामा करून ताजं मिश्रण खेचून आणते. मग शेवटच्या निमुळत्या कोनावर आपटून दाबाची लाट परत येते आणि पोर्टमधून निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते.

11,000 आरपीएमला क्रँकचा एक फेरा सुमारे 5.5 मिलिसेकंदांचा असतो. एक्झॉस्ट पोर्ट त्यातले 195 अंश उघडा राहतो असं धरलं, तर लाटेला जाऊन परत यायला जेमतेम 3 मिलिसेकंद मिळतात. या घाईत पोर्टच्या तोंडाशीच फट असेल तर दाबाच्या वेळी लाटेचा जोर बाहेर निसटतो आणि ओढीच्या वेळी बाहेरची हवा आत शिरते. गाडी खालच्या आरपीएमला ठीक वाटते, पण पॉवर बँडमध्ये (जास्त ताकदीच्या आरपीएममध्ये) शिरताना पूर्वीसारखी उसळत नाही. लोक मग कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात. जेटला हात लावण्याआधी जोड तपासा.

पायरी 1: गळती कुठून आहे ते ओळखा

इंजिन पूर्ण थंड असताना जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. गाडी मोकळ्या हवेत सुरू करा, बंद गॅरेजमध्ये नको. पहिल्या मिनिटभरात, पाइप तापायच्या आत, साबणाचं पाणी ब्रशने जोडाभोवती लावा. बुडबुडे कुठे येतात ते नीट पाहा. सिलिंडर आणि तोंडाच्या फ्लँजमधलं गॅस्केटही याच वेळी तपासा. पुष्कळदा दोष तिथला असतो आणि शिव्या मात्र सरकत्या जोडाला बसतात. तांब्याचं गॅस्केट असेल तर लालसर तापवून थंड केल्यावर ते मऊ होतं आणि पुन्हा चांगलं बसतं. फायबरचं असेल तर नवीनच घाला.

आता काळ्या डागाचा आकार बघा. डाग सगळीकडून सारखा असेल तर रिंग संपली आहे. एकाच बाजूला असेल, समजा फक्त खाली डावीकडे, तर पाइप तिरका बसला आहे. अशा वेळी कितीही चांगली रिंग घातली तरी तो डाग परत येणार. आणखी एक गोष्ट: जेटिंग फार रिच असेल (मिश्रणात पेट्रोल जास्त असेल) किंवा गाडी कायम हळूच चालवली जात असेल, तर न जळलेलं तेल चेंबरमध्ये साठतं आणि चांगल्या जोडातूनही पाझरतं. अशा वेळी रिंगा बदलून उपयोग नाही.

पायरी 2: पाइप काढणे

डोळ्यांवर गॉगल हवाच. स्प्रिंग काढण्यासाठी टी-हँडलचा हूक वापरा. पक्कडीने ओढलेली स्प्रिंग सुटून तोंडावर येते आणि तिच्या तारेवर ओरखडा पडला की पुढे ती तिथेच तुटते. मागची माउंट सोडा, मग पाइप उजवी-डावीकडे किंचित फिरवत पुढे ओढा. हातोडीने ठोकू नका, कारण पातळ तोंड एकदा अंडाकृती झालं की पुन्हा गोल करणं जिकिरीचं असतं.

जुनी रिंग जळून चिकट किंवा कोळशासारखी झाली असेल तर तिला उघड्या हाताने स्पर्श करू नका. व्हायटॉन (या रिंगांचं उष्णता सोसणारं रबर) खूप तापून विघटित झालं की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतं आणि त्याने त्वचेला गंभीर इजा होते. रबरी हातमोजे घाला आणि ते अवशेष पुसून पिशवीत बंद करा. काढलेली रिंग लायटरने जाळून बघायची सवयही याच कारणाने धोक्याची आहे.

पायरी 3: सफाई आणि माप

खाचेतला कार्बन लाकडी काडीने खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे. आतली-बाहेरची नळी पितळी ब्रशने आणि मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा. इथे पेपर फिरवायची दिशा महत्त्वाची आहे. पेपर नळीभोवती गोल फिरवायचा, लांबीच्या दिशेने कधीच नाही. उभा ओरखडा म्हणजे वायूला बाहेर पडायला कोरून दिलेली वाट. नळी उजेडात तिरकी धरून बघा. नखाला लागेल असा उभा चर दिसला तर तो घालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग व्हर्निअरने तोंडाचा बाहेरचा व्यास आणि पाइपचा आतला व्यास घ्या. प्रत्येकी चार ठिकाणी, व्हर्निअर थोडा थोडा फिरवत. दोन्ही व्यासांत 0.2 ते 0.3 मिलिमीटर फरक असावा. त्याहून कमी असेल तर तापल्यावर पाइप अडकतो. अर्धा मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पाइप डुगडुगतो आणि रिंग एका बाजूने घासली जाते. झीज इतकी झाली असेल तर टर्नरकडून नवीन तोंड करून घ्या. नवीन करताना दोन गोष्टी सांगून ठेवा: नळ्या एकमेकींत किमान 25 मिलिमीटर गेल्या पाहिजेत, आणि सिलिंडरकडची नळी आत व पाइप बाहेर असा क्रम हवा. उलट केलं तर वायू थेट कडेवर आपटतो. पूर्ण बसल्यावर नळीचं टोक आतल्या खांद्याला टेकू नये, एक-दीड मिलिमीटर जागा सोडा.

पायरी 4: रिंग निवडणे

काळी साधी नायट्राइल रिंग 100 ते 120 अंशांपर्यंतच टिकते, इथे तिचा उपयोग नाही. व्हायटॉन सुमारे 200 अंशांपर्यंत सतत काम करते आणि पेट्रोल-तेलालाही दाद देत नाही. सिलिकॉन रबर उष्णता सोसतं, पण सरकताना लवकर फाटतं आणि पेट्रोलने फुगतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका. व्हायटॉन तपकिरी मिळते तशी काळीही मिळते. दुकानदाराला मटेरियल विचारून, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

माप असं ठरतं: रिंग 3 मिलिमीटर जाडीची असेल तर खाचेच्या तळापासून बाहेरच्या नळीपर्यंत 2.4 ते 2.5 मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे रिंग 15 ते 20 टक्के दबते. खाच सुमारे 4 मिलिमीटर रुंद ठेवा, कारण व्हायटॉन तापल्यावर चांगलीच फुगते आणि तिला पसरायला जागा लागते. घट्ट खाचेत घातलेली रिंग स्वतःच चिरते.

एअर-कूल्ड इंजिनाची गोष्ट निराळी आहे. पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या तोंडाचं तापमान बऱ्यापैकी ताब्यात राहतं. एअर-कूल्ड इंजिनात पोर्टजवळची नळी इतकी तापते की व्हायटॉन काही दिवसांत कडक होते. आरएक्ससारख्या इंजिनावर चेंबर बसवताना पोर्टशी गॅस्केटची फ्लँज ठेवावी आणि सरकता जोड जमेल तेवढा मागे, जरा थंड जागी घ्यावा.

पायरी 5: पाइप सरळ बसवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिंग न घालता, स्प्रिंग न लावता पाइप चढवा. दोन बोटांच्या जोराने तो शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि फिरवल्यावर कुठेही अडायला नको. मग हात सोडून मागचे माउंट बघा. बोल्ट भोकातून स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे. बोल्ट घालण्यासाठी पाइप खेचावा लागत असेल, तर तो सगळा ताण पुढच्या जोडावर येणार आणि रिंग एका बाजूने चिरडली जाणार, हे नक्की समजा.

फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर माउंटखाली वॉशर द्या किंवा कानाचं भोक लांबट करा. त्याहून जास्त असेल तर हेडर कापून, गाडीवरच वेल्डचे टाके मारून, मग काढून पूर्ण वेल्ड करा. रबरी माउंट चिरलेलं किंवा दगडासारखं कडक झालेलं असेल तर ते बदला. पाइप रेडिएटरला किंवा फ्रेमला कुठे टेकतो का, तेही याच वेळी पाहा. टेकलेल्या जागी रंग घासलेला दिसतो.

पायरी 6: जोडणी

रिंगांना टू-टी (टू-स्ट्रोक) तेलाचा पातळ हात लावून खाचेत बसवा आणि पीळ पडला नाही ना ते बोटाने फिरवून पाहा. पाइप किंचित फिरवत चढवा. आधी स्प्रिंग लावा, मग माउंटचे बोल्ट हाताने, आणि सगळं जागेवर बसल्यावरच पान्याने. उलट क्रमाने केलं तर पाचव्या पायरीची मेहनत वाया जाते.

रिंग नसलेल्या जोडावर सिलिकॉन लावायचं असेल तर 300 अंशांच्या पुढे चालणारं घ्या. तेलकट पृष्ठभागावर ते धरत नाही, म्हणून आधी थिनरने पुसा. पातळ थर, आणि तोही आतल्या नळीच्या इंजिनाकडच्या एक तृतीयांश भागावरच, म्हणजे जास्तीचं बाहेर येतं, चेंबरच्या आत जात नाही. मग 24 तास गाडीला हात लावू नका. संध्याकाळी लावून सकाळी रेसला जाणं म्हणजे ट्यूब फुकट घालवणं.

स्प्रिंग

बसवलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये थोडी फट दिसली पाहिजे. वेढे चिकटलेले असतील तर ताणच नाही, आणि खूप उघडलेले असतील तर तार लवकर थकून तुटते. स्प्रिंग पाइपच्या अक्षाला समांतर आणि समोरासमोर सारख्या असाव्यात. एकाच बाजूला ताण असेल तर ती पाइप तिरका करते. दोन्ही टोकं फिरती असलेल्या स्प्रिंग जास्त टिकतात. आत सिलिकॉन भरलं किंवा वरून रबरी नळी चढवली तर कंपनं कमी होतात. तुटलेला तुकडा मागच्या रायडरच्या वाटेत पडू नये म्हणून स्प्रिंगमधून सैल लॉकवायर (बारीक सुरक्षा-तार) ओवून ठेवा.

पहिल्यांदा गाडी चांगली तापवून पूर्ण थंड होऊ द्या, माउंट पुन्हा आवळा आणि साबणाच्या पाण्याची चाचणी परत करा. त्यानंतर प्रत्येक रेसआधी स्प्रिंगच्या हुकाची आतली बाजू बघा. तार तिथे घासून अर्धी राहिली असेल तर जोडीतली दुसरी चांगली दिसत असली तरी दोन्ही बदला. पिस्टन बदलायला पाइप काढलाच असेल तर रिंगाही नव्या घाला, जुन्या परत बसवू नका.