मेटॅलिक ग्लासचा नकाशा काढण्याआधी सिलिका टोचा

माझ्या पहिल्या नकाशात मधोमध एक आडवा लाल पट्टा उमटला होता. नमुना मेटॅलिक ग्लासचा, म्हणजे अणूंची स्फटिकासारखी मांडणी नसलेली मिश्रधातूची काच: झिर्कोनियम ५५, तांबं ३०, ॲल्युमिनियम १०, निकेल ५ अणुटक्के. तिच्यावर नॅनोइंडेंटरच्या (सूक्ष्म टोक टोचून काठिण्य मोजणारं यंत्र) ४०० टोचण्या, आणि लाल म्हणजे मऊ. आठवडाभर मी त्या मऊ भागाचं स्पष्टीकरण लिहीत होते. मग नमुना ९० अंशांत फिरवून पुन्हा टोचला. पट्टा नमुन्यातला असता तर उभा दिसायला हवा होता. तो आडवाच आला. रात्रभर खोलीतला एसी चालू-बंद होत होता, पट्टा त्याचा होता.

म्हणून टोचण्या ओळीने घेऊ नका, क्रम विस्कटून द्या. नमुना आदल्या संध्याकाळीच यंत्रात ठेवा आणि ड्रिफ्ट (तापमानामुळे टोकाचं आपोआप सरकणं) सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरच्या खाली आल्याशिवाय सुरुवात करू नका. दोन टोचण्यांत खड्ड्याच्या खोलीच्या किमान दहापट अंतर हवं. १०० नॅनोमीटर खोलीला मी २ मायक्रोमीटर सोडते.

नमुना तयार करताना बेकेलाइटचं गरम माउंटिंग (नमुना तापवून प्लास्टिकमध्ये बसवणं) टाळा. या काचेचं संक्रमण तापमान (जिथे ती मऊ पडू लागते) ४०० अंश सेल्सिअसच्या वर आहे हे खरं. पण ती गोठलेल्या द्रवासारखी आहे, कशी थंड झाली आणि नंतर किती तापली याचा परिणाम तिच्या रचनेत राहतो, आणि आपण शोधतोय तो जागोजागच्या मऊ-कठीणपणाचा फरक त्याच रचनेतला. थंड रेझिन वापरा. शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिकाने, घाई न करता. पृष्ठभागाचा खडबडीतपणा खोलीच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. हातात व्हिट्रेलॉय-१ ही दुसरी मेटॅलिक ग्लास असेल तर त्यात २२.५ अणुटक्के बेरिलियम आहे. ते कोरडं घासायचं नाही, कधीच नाही. त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

आता मुख्य काम. त्याच रात्री, त्याच टोकाने, तेवढ्याच खोलीवर फ्यूज्ड सिलिकाचा (शुद्ध सिलिकाची काच) तसाच नकाशा काढा. तिचा लवचीकपणाचा मापांक ७२ गिगापास्कल, आणि या मापावर ती एकसारखी असते. तिथे मापांत जो विखुरलेपणा दिसेल तो यंत्राचा आणि तुमचा. दोन्हींच्या प्रमाण विचलनांचे वर्ग काढून वजाबाकी करा. उरेल तेवढ्यावरच बोला. एक फरक मात्र ध्यानात ठेवा: मेटॅलिक ग्लासमध्ये खड्ड्याच्या कडेला धातू वर उचलला जातो, सिलिकात तसं होत नाही. भार आणि खोलीच्या आलेखावरून काठिण्य काढणारी १९९२ ची ऑलिव्हर-फार पद्धत हा उचललेला भाग धरत नाही, त्यामुळे काठिण्य जास्त दिसतं. थोडे खड्डे एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शक) बघाच.

एवढं करूनही हा नकाशा खरा नॅनो नाही. बर्कोविच टोक (तीन बाजूंच्या पिरॅमिडसारखं) १०० नॅनोमीटर आत गेलं की संपर्काची रुंदी अर्ध्या मायक्रोमीटरच्या वर जाते, आणि ताणाखाली काचेत एकदम घसरणारे अणूंचे गट जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचे. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर इथे आपण अख्खं पातेलं उचलतो. ग्योटिंगेनच्या गटाने २०११ मध्ये पॅलेडियम-तांबं-सिलिकॉन काचेत १० नॅनोमीटरहून लहान मापावरचा मापांकाचा फरक दाखवला, तो एएफएमच्या ध्वनिकंपनांच्या पद्धतीने.

ती सोय नसेल तर गोलाकार टोक घ्या, त्रिज्या साधारण १ मायक्रोमीटर, आणि पहिला पॉप-इन मोजा. भार वाढवताना खोली अचानक उडी मारते, तिथे पहिला शिअर बँड (घसरणीचा अरुंद पट्टा) सुटलेला असतो. काही टोचण्या उडीच्या आधीच थांबवून भार काढा. जाण्याची आणि येण्याची रेषा एकमेकींवर बसली तरच तोवरचं सगळं लवचीक होतं. मग किमान २०० उड्यांचे भार चढत्या क्रमाने मांडा. ताण भाराच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून भारातला ३० टक्के फरक म्हणजे ताणातला जेमतेम १० टक्के. आलेख भारात काढलात तरी निष्कर्ष ताणात लिहा.