हाताखाली कोणी नसताना नेटवर्क कसं चालवायचं

चार-पाच संस्था नेटवर्क करून, म्हणजे मिळून, एखादं काम करतायत आणि कोऑर्डिनेशन तुमच्या गळ्यात पडलंय, तर आधी हे डोक्यात फिट करा की इथे तुमच्या हाताखाली कोणी नाहीये. प्रत्येकाचा पगार वेगळा, बॉस वेगळा, त्यामुळे नुसत्या ऑर्डरी देऊन काही हलणार नाही.

अ‍ॅग्रानॉफ आणि मॅकग्वायर या अभ्यासकांनी २००१ मध्ये अशा मॅनेजरची चार कामं मांडली: योग्य माणसं आत आणणं, कामाची चौकट ठरवणं, पाठिंबा मिळवून तो टिकवणं आणि अडथळे काढून आपसात सूर जुळवणं. माझ्या मते शेवटचं सगळ्यात किचकट, आणि लोक त्यालाच कमी वेळ देतात.

माणसं आणताना नुसतं संस्थेचं नाव बघू नका. जो मीटिंगला येणार त्याला तिथल्या तिथे हो म्हणता येतं का ते बघा, नाहीतर दरवेळी "सरांना विचारून सांगतो" ऐकत बसाल. ज्यांचं काम संपलं त्यांना मोकळं करणं पण यातच आलं.

चौकट म्हणजे कोण काय करणार, निर्णय कसा होणार, आणि हो, श्रेय कुणाचं, लोगो कुठे, हे सुद्धा सुरुवातीलाच लिहून काढा, बोलायला ऑकवर्ड वाटतं पण पुढे भांडणं यावरूनच होतात.

आता अडथळे. समजा एक संस्था डेटा द्यायला टाळाटाळ करतेय, "पुढच्या आठवड्यात पाठवतो" चालूच आहे. ग्रुपवर सगळ्यांदेखत रिमाइंडर टाकलात की विषय चिघळलाच. वेगळा फोन करा, आणि डेटा मागूच नका, अडचण काय येतेय ते विचारा. बऱ्याचदा फाइल तयारच असते, पण आपलं नाव न घेता दुसरेच ती वापरतील अशी वरच्यांना धास्ती असते. मग सरळ मेल टाका, "रिपोर्टमध्ये तुमचं नाव येईल आणि फायनल करायच्या आधी ड्राफ्ट तुम्हाला दाखवू". आणि खरंच दाखवा.

मीटिंगच्या मिनिट्समध्ये "चर्चा झाली" वगैरे नको, कोण, काय, कधीपर्यंत एवढंच.

प्रोव्हन आणि केनिस या अभ्यासकांनी २००८ मध्ये मांडलं की सगळ्यांनी मिळून कारभार बघणं हे सदस्य थोडे आणि आपसात विश्वास भरपूर असेल तिथे जमतं, एरवी एका संस्थेने पुढाकार घ्यावा किंवा फक्त नेटवर्क सांभाळायला वेगळी यंत्रणा लागते. म्हणून संख्या वाढायला लागली की हा विषय स्वतःच अजेंड्यावर घ्या, त्यात तुमची खुर्ची गेली तरी.