रॉयबॉसच्या मुलखात निघण्यापूर्वी: एक तयारीची यादी

माझे चुलत दीर आणि जाऊबाई येत्या जानेवारीत अठरा दिवसांसाठी दक्षिण आफ्रिकेला निघालेत. त्यांची लेक केप टाउनला नोकरीला आहे. "वहिनी, तुम्ही दोघं जाऊन आलात, काय काय तयारी करायची ते लिहून द्या," असा भाऊजींचा फोन आला. मागून जाऊबाईंचा आवाज, "आणि तो लाल चहा कुठे प्यायचा तेही लिहा." त्यांना लिहून दिलं तेच थोडं वाढवून इथे देते आहे, कारण त्या भागात जाणाऱ्या कुणालाही ते लागेल. प्रवासविमा आणि चहा हे दोन विषय मी मुद्दाम एकत्र ठेवलेत. तो लाल चहा म्हणजे रॉयबॉस. केप टाउनच्या हॉटेलात तो मिळतोच, पण तो उगवतो सेडरबर्गच्या डोंगरात, शहराच्या उत्तरेला, क्लॅनविल्यम गावाच्या आसपास. तिथवर सुमारे 230 किलोमीटर, आणि पुढे कच्चे रस्ते. चहासाठी जिथवर जाणार, तिथवर पुरेल असा विमा हवा.

म्हणून पहिलं काम म्हणजे एका कागदावर मार्ग लिहून काढा. कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, गाडी कोण चालवणार, डोंगर चढणार का, समुद्रात उतरणार का. हा कागद समोर ठेवूनच पॉलिसी निवडा. पहिल्या परदेश प्रवासात आम्ही तिकीट काढतानाच एका चौकोनात खूण करून विमा घेतला होता आणि त्याचं एक पानही वाचलं नव्हतं. विमा आहे एवढंच समाधान. त्या वेळी बॅग दोन दिवस उशिरा आली. आम्ही विमानतळावर तक्रारीचा लेखी दाखला न घेताच बाहेर पडलो होतो, त्यामुळे घरी परतल्यावर एक पैसाही मिळाला नाही. पॉलिसीत ती अट स्पष्ट लिहिलेली होती. बॅग आली नाही की सामानाच्या पट्ट्याजवळच विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन 'प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट' घ्यायचा, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

आता मुख्य गोष्ट, वैद्यकीय खर्च. दक्षिण आफ्रिकेत चांगली खासगी रुग्णालयं आहेत, पण पैशांची हमी मिळाल्याशिवाय ती सहसा दाखल करून घेत नाहीत. कॅशलेस सोय तिथे चालते का आणि मदतीचा फोन चोवीस तास लागतो का, हे विमा घेण्याआधी विचारा. रक्कम किती घ्यावी? साठीच्या आसपासच्या जोडप्याने माणशी एक लाख डॉलरच्या खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र मोठा आकडा पाहून थांबू नका. साठीनंतर काही पॉलिसींत खोलीचं भाडं, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची फी यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात. वर लाखाचा आकडा आणि आत खोलीला तुटपुंजी रक्कम, असंही होतं. 'अमेरिका आणि कॅनडा वगळून जग' असा पर्याय असेल तर तोच घ्या, तो बराच स्वस्त पडतो. प्रत्येक क्लेममधून ठरावीक रक्कम आपल्याला सोसावी लागते, ती वजावट किती आहे तेही पाहून ठेवा. आणि आजारी माणसाला दूरच्या गावातून मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा, गरज पडल्यास भारतात आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे ना, हे बोट ठेवून वाचा. सेडरबर्गला जाणाऱ्यांसाठी माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची ओळ.

भाऊजींना रक्तदाबाची गोळी आहे. ती अर्जात लिहायचीच. एजंट म्हणाला "कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल," तरी लिहायची. लपवलेला आजार निघाला तर सगळा क्लेम नाकारता येतो. लिहूनही, आधीपासूनच्या आजारासाठी बऱ्याच पॉलिसी फक्त जिवावरचं संकट असेल तेव्हाच खर्च देतात, तोही मर्यादेत. म्हणून कंपनीला ईमेलवर नेमका प्रश्न विचारा: 'रक्तदाब आहे, गोळी चालू आहे, तिथे छातीत दुखून दाखल करावं लागलं तर किती रक्कम मिळेल?' उत्तर लेखीच घ्या आणि त्याची प्रत काढा. आम्ही तीन कंपन्यांना हाच प्रश्न पाठवला होता. ज्यांनी सरळ, आकड्यासकट उत्तर दिलं त्यांचीच पॉलिसी घेतली, प्रीमियम थोडा जास्त असूनही.

विमा तिकीट काढल्यावर लगेच घ्या. जाण्याआधीच आजारपण किंवा घरात काही घडून प्रवास रद्द झाला तर ते संरक्षण पॉलिसी घेतल्यापासूनच मिळू लागतं. ती आदल्या दिवशी घेतली तर तो भाग वायाच जातो. तारखा निघण्याच्या दिवसापासून घरी पोचण्याच्या दिवसापर्यंत धरा आणि परतीला एक-दोन दिवस जास्त घ्या.

गाडीचा विमा वेगळा आहे, ही गल्लत फार होते. आपला प्रवासविमा भाड्याच्या गाडीचं नुकसान सहसा भरत नाही. तो करार गाडी देणाऱ्याकडे होतो, आणि त्यात टायर, काच आणि गाडीची खालची बाजू बरेचदा वगळलेली असते. खडीच्या रस्त्यावर नेमक्या याच तीन गोष्टींना मार बसतो. क्लॅनविल्यमहून पाखाउस घाट ओलांडून वुपरताल या जुन्या मिशनरी खेड्याकडे जाणारा उताराचा रस्ता कच्चा आहे. तिथे गाडी न्यायची तर 'खडीच्या रस्त्यावर चालेल का' हे करार करतानाच विचारा आणि टायर-काचेचं जादा संरक्षण घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, ही मोठी सोय. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, मूळ परवानाही जवळ असू द्या. डोंगरातली चाल, म्हणजे वुल्फबर्गच्या खडकांतल्या भेगा आणि कमान किंवा माल्टीज क्रॉस नावाच्या खडकापर्यंतची वाट, तुमच्या पॉलिसीत साधी पदभ्रमंती धरली जाते की साहसी खेळ, हेही विचारून घ्या. बंजी उडी किंवा समुद्रात पिंजऱ्यात उतरून शार्क पाहण्याचा बेत असेल तर वेगळं संरक्षण लागेल. आमच्या दोघांच्या वयाला क्लॅनविल्यमजवळच्या सेव्हिला वाटेवरची, तिथले मूळ रहिवासी असलेल्या सान लोकांची शैलचित्रं पुरेशी होती. तास-दोन तासांची सोपी चाल आहे, पण पाणी आणि टोपी न्यायलाच हवी. जानेवारीत तिथे पारा चाळिशीपर्यंत चढतो.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. रॉयबॉस म्हणजे आफ्रिकान्स भाषेत लाल झुडूप. चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही. हे शेंगावर्गातलं, सुईसारख्या पानांचं झुडूप आहे आणि त्यात कॅफीन अजिबात नसतं. त्यामुळे रात्री नऊ वाजता प्यायला तरी झोप जात नाही. ते सेडरबर्ग आणि आसपासच्याच मातीत रुजतं. 2021 मध्ये युरोपीय संघाने या नावाला उगमस्थानाचं संरक्षण दिलं, आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे तसं. या झुडपाचं ज्ञान मुळात खोइ आणि सान या तिथल्या मूळ रहिवाशांचं. 2019 मध्ये झालेल्या करारानुसार शेतावरच्या किमतीच्या दीड टक्का रक्कम त्यांच्या समाजांना द्यायची ठरली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, म्हणून मळ्यावर गेलात की त्याबद्दल आवर्जून विचारा.

जानेवारीत जाताय तर कापणी सुरू झालेली असेल. फांद्या कापून बारीक तुकडे करतात, चेचतात, ओलावून ढीग लावतात. काही तासांत हिरवा रंग जाऊन वीटकरी लाल होतो आणि मधासारखा गोड वास सुटतो. मग मोठ्या अंगणात पसरून उन्हात वाळवतात. मळा पाहायचा तर आधी फोन करून वेळ घ्या, आणि सकाळचीच घ्या.

आपल्याला चहा उकळायची सवय, आणि रॉयबॉसला ती मानवते. त्यात टॅनिन कमी असल्यामुळे कितीही उकळला तरी कडवट होत नाही. दूध घालूनही पितात. केप टाउनमध्ये आलं-वेलची सहज मिळते. तिथे रत्नागिरीकडून गेलेल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांच्या कित्येक पिढ्या नांदल्या आहेत, तेव्हा मसाल्यांची पंचाईत नाही. पण त्या उन्हात खरा आनंद थंड चहाचा. लिटरभर पाण्यात चार चमचे रॉयबॉस घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, गाळा, गार होऊ द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा. प्यायच्या वेळी पिकलेल्या पीचच्या फोडी, चार पुदिन्याची पानं आणि लिंबाची चकती घाला. जानेवारीत पीच, प्लम, द्राक्षं भरपूर असतात. वाटेवर सिट्रसडाल लागतं, नावाप्रमाणे संत्र्यांचं गाव, पण संत्र्यांचा हंगाम तिथल्या थंडीतला, त्यामुळे या फेरीत ताज्या संत्र्यांची आशा धरू नका. दुकानात पीच आणि लिंबाच्या स्वादाचा बाटलीबंद रॉयबॉस सगळीकडे मिळतो. त्यात साखर बरीच असते. जाऊबाईंना मधुमेह आहे, तर बाटलीमागचा साखरेचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नये. घरी केलेल्यात फळाचीच गोडी पुरते.

हनीबुश हा तिथला दुसरा पाल्याचा चहा. फुलांना मधाचा वास, चव रॉयबॉसपेक्षा गोडसर आणि भरीव. थंड चहासाठी मला हाच जास्त आवडला, जर्दाळूबरोबर तर फारच. तिसरा बुखू, याच डोंगरांतला, ब्लॅककरंट या फळासारखा उग्र वास. इथे मात्र सांभाळा. तो जुना औषधी पाला आहे, लघवी वाढवतो. गर्भवतींनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये, आणि भाऊजींनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर घ्यायचा की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. 'नैसर्गिक आहे' म्हणून सगळ्यांना चालतंच असं नाही. आपला गवती चहा रोज पिणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. नवीन पाला एकदम भरपूर पिऊ नका, पहिल्या दिवशी अर्धा कप बास.

बाकीचं भरभर सांगते. केप टाउन आणि सेडरबर्गमध्ये मलेरिया नाही; क्रुगरच्या जंगलात जाणार असाल तरच त्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचा दाखला मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो, आणि साठीपुढच्यांनी ती घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. म्हणून मी तर म्हणेन, तिकीट काढतानाच थांबा लहान असलेला मार्ग निवडा. पासपोर्टात दोन कोरी पानं हवीत.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे कुणी ओळखणार नाही. पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा फोन कागदावर लिहून दोघांच्या पाकिटात वेगवेगळा ठेवा, कारण सेडरबर्गमध्ये मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. त्याच कागदावर 112 लिहा, मोबाइलवरून मदतीसाठी, आणि रुग्णवाहिकेसाठी 10177. तिसरी प्रत लेकीकडे द्या. दाखल व्हायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर विमा कंपनीला कळवायचं असतं, आणि ते काम ती करू शकेल. प्रत्येक बिल, प्रत्येक बोर्डिंग पास एका लिफाफ्यात टाकत जा, आणि क्लेम काही असेल तर पैसे खात्यात येईपर्यंत तो लिफाफा फेकू नका.

येताना बॅगेत जागा ठेवा. सुटा चहा आणू नका, कंपनीचं सीलबंद, लेबल असलेलं पाकीटच आणा. रॉयबॉस दोन, हनीबुश एक. माझ्यासाठी हनीबुशचं आणखी एक.